बंदरावरचे दोन तास

तिकडे सकाळचे आठ, जहाज ब्रिजटाउनला लागलंय.
इकडे धानोरीत साडेपाच, नळाची वेळ.
दोन तास मोकळा आहे, तो म्हणतो,
धक्क्याच्या भिंतीपाशी फुकटचं वायफाय मिळतं.

प्रवाशांची पोरं वाळूकडे निघालीत,
फावडी, बादल्या, पांढऱ्या टोप्या.
कालच त्यांच्या पलंगावर
त्यानं टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता.

आमची शार्वी सव्वादोन वर्षांची.
तिच्याशी इतक्या लांबून खेळायचं तरी काय?
तो समुद्र दाखवतो.
"पाणी आलं!" ती ओरडते
आणि बादली आणायला पळते.

मोरीत दोघींची धांदल. फोन ओट्यावर, उताणा.
बराच वेळ त्याला फक्त आमचा पंखा दिसतो.
तो पंख्यालाच विचारत राहतो,
जेवलीस का, शी केलीस का,
नवे बूट चावतात का.

मग वरणभात. एक घास तिच्या तोंडात,
एक ती काचेला भरवते.
तो मोठा आ करतो, चावतो, गिळतो,
"मीठ कमी आहे," म्हणतो.
भर उन्हात भिंतीला टेकून
नुसतंच तोंड हलवणारा गणवेशातला माणूस,
येणाजाणाऱ्यांना काय वाटत असेल.

तेवढ्यात तिकडे कुठल्याशा जहाजाचा भोंगा.
"बाबा आला!"
ती गॅलरीत धावते, गजांतून खाली वाकते.
गल्लीत टँकर वळतोय, मागे पाण्याची धार.
ती त्याला दोन्ही हातांनी टाटा करते.

काचेवरचं वरण मी अजून पुसलेलं नाही.