तीन तासांचं बिल

केरिचोत रात्री नऊनंतर वीज टिकली
तर माझा दुसरा धंदा सुरू होतो.
दिवसा मी आठवीला भूगोल शिकवते,
रात्री परक्यांच्या मालाला विशेषणं लावते:
सायकली, कुत्र्यांचे पट्टे,
एकदा तर नुसतं दंतमंजन, तीन पानं.
शब्दामागे काही सेंट. महिनाअखेर
धाकट्याची फी.

आता सोबतीला यंत्र आहे.
विचारलं की लिहितं, रागावलं की माफी मागतं.
उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणावं
तर त्याला जीभ नाही,
टाळूही नाही.

परवा हॅम्बुर्गहून चहा आला.
म्हणजे चहा इथलाच, आमच्याच टेकडीवरून उतरून
मोम्बासाला जहाजात चढलेला;
परत आलं ते फक्त काम.
दहा डबे, प्रत्येकावर ऐंशी शब्द.
यंत्रानं अकरा सेकंदांत दहाही भरले.
चौथ्यावर लिहिलं:
पहाटेच्या धुक्यात हसऱ्या बायका
गाणी गात कोवळी पानं खुडतात.

माझी आई, तापकिगेन, एकोणीस वर्षं खुडत होती,
मळ्यात खुडायचं यंत्र येईपर्यंत.
तिला आमच्या बोलीत वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "गात होतं कोण?"
मग बराच वेळ काही नाही.
मग प्लास्टिकचा एप्रन सांगितला, पाठीवरची ओली टोपली,
आणि बोटं.
चिकानं काळी पडलेली, शनिवारी रात्री
लिंबानं घासायची, चर्चसाठी.
"ते घाल. गाणं काढ.
की डब्यावर काळी बोटं शोभत नाहीत?"

मी गाणं काढलं. हसू काढलं.
धुकं ठेवलं, धुकं खरं आहे.
नवव्या डब्यावर एका संशोधनाचा दाखला होता,
विद्यापीठाच्या नावासकट.
शोधलं. ते कुणी केलेलंच नव्हतं.
सहाव्यावरचं एक वाक्य मात्र इतकं देखणं
की ते माझंच असावं असं वाटू लागलं.
तिथे अडकले.
कुणाच्या तरी घरातून निघून आल्यासारखं दिसत होतं ते,
अनवाणी.
घर काही सापडलं नाही. तरी खोडलं.
(अजून पाठ आहे. इथे लिहिणार नाही.)

मग बिल.
पूर्वी एवढ्या कामाला सहा तास लागायचे
आणि विब्केबाईंना सहाचीच सवय.
मागचं बिल समोर उघडं होतं,
फक्त तारीख बदलायची.
कोण येणार होतं हॅम्बुर्गहून
माझं घड्याळ बघायला?

जूनमध्ये किर्वानं वर्गात नकाशा आणला होता,
थोरल्या भावानं काढलेला, सगळ्या नद्या जागच्या जागी.
मी विचारलं होतं, यातली तू काढलेली नदी कुठली?
बिचारा बुटाकडे बघत राहिला.
आता माझ्या पायांत सपाता होत्या,
मी त्यांच्याकडे बघितलं.

लिहिलं: तीन तास.
खाली: पहिला मसुदा यंत्राचा.
त्यातलं खोटं वेचून काढलं ते मी.
चौथ्या डब्यावरची बोटं आईची.

दोन दिवसांनी उत्तर.
वर प्रामाणिकपणाबद्दल आभार,
खाली पुढच्या खेपेपासूनचा नवा दर,
आधीच्यापेक्षा कमी.
धाकट्याची फी आता दोन हप्त्यांत,
मुख्याध्यापकांना उद्या भेटायचं.
आणि अगदी शेवटी, सहीच्याही खाली:
बोटं राहू द्या.

आईला सगळं सांगितलं.
दराचं तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
दोन्ही हात दिव्याखाली धरले,
उलटे, मग सुलटे.
"लिंबू आहे का गं घरात?
एवढ्या लांब जायचंय त्यांना."