अकरावी ओळ

सोहार बंदराच्या दवाखान्यात
दरवर्षी एक पिवळा फॉर्म भरायचा असतो.
रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर,
आणि अकराव्या ओळीत :
सध्या कोणती औषधं चालू आहेत?
तीन वर्षं मी तिथे आडवी रेघ मारली.
रेघ सरळ यायची. हात क्रेनवाल्याचा.

गोळी पांढरी, मधोमध चीर, दहा मिलिग्रॅम.
दापोलीहून कुणीही आलं
की त्याच्या सामानात आमसुलांखाली माझा डबा,
वर सुहासिनीच्या अक्षरात : पित्ताच्या.
आतल्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं,
अवजड यंत्र चालवू नये.
माझं यंत्र अडतीस मीटर उंच.
बसायला खुर्ची, पायाखाली काच,
काचेखाली जहाज.

गोळीच्या आधीच्या उन्हाळ्यात
त्या काचेतून मी उंची मोजायचो,
मीटरमध्ये नाही, सेकंदांत.
घरी हे सांगितलं नाही.
इथेही एवढंच.

पंधरा दिवस काही झालं नाही,
जांभया आल्या, जीभ लाकडाची झाली.
मग एका मंगळवारी कांदा चिरताना
साजिद ओरडला, रात्रीची शीळ घालू नकोस,
साप येतात.
तेव्हा कळलं, शीळ मीच घालत होतो.
काच पुन्हा नुसती काच झाली.

पण अण्णा गेले ते मी फोनवर पाहिलं,
लाकडं, तूप, भावाच्या खांद्यावरचं मडकं,
नेट अडकलं तेवढ्यात ज्वाळाही अडकली,
आणि माझे डोळे कोरडे.
भाऊ म्हणाला, रियालांनी तुला दगड केलं.
सुट्टीत सुहासिनीशेजारी
माझं शरीर धक्क्यावरच्या रिकाम्या कंटेनरसारखं,
नंबर बरोबर, सील शाबूत.
ती पाठीवर हात फिरवत राहिली.
मला झोप लागली.

म्हणून सोडली.
कुणाला न विचारता, एका दिवसात.
साजिदने कलौंजीचं तेल दिलं,
खालच्या मजल्यावरच्या सुधाकरनने अश्वगंधाचं लेह्य.
मावशीने फोनवरूनच दृष्ट काढली,
मोहऱ्या तडतडल्या त्या मला इथे ऐकू आल्या.
पहाटे मी मासळीबाजारापर्यंत चालायचो,
सुरमई रांगेने निजलेली,
म्हातारे ओमानी हातात काठी घेऊन भाव करताना हसायचे,
समुद्र कोमट, कुणी आधीच वापरून सोडल्यासारखा.
सगळं थोडं थोडं लागू पडायचं,
दुपारच्या जेवणापर्यंत.

सहाव्या दिवसापासून मान वळवली
की डोक्यात ट्यूबलाइट चमकायची, स्टार्टर गेलेली.
बाविसाव्या रात्री काचेवर
मी पुन्हा मोजायला लागलो.
एक म्हणालो,
आणि रेडिओ उचलला :
मला खाली घ्या.

लिफ्टने वर आला खल्फान, सुपरवायझर.
काय झालं ते विचारलं नाही.
थर्मासमधून कहवा ओतला, दोन खजूर ठेवले,
म्हणाला, खा आधी.
बी कुठे टाकायची ते मला कळेना,
त्याने तळवा पुढे केला.

डॉक्टर इलहाम सुदानच्या.
जुने तिन्ही फॉर्म त्यांनी ओळीने मांडले,
तीन रेघा.
म्हणाल्या, हे औषध घेऊन वर चढता येतं,
मी तपासेन, मगच.
लपवून मात्र नाही. आणि सोडायचं तर माझ्याबरोबर, जिना उतरतात तसं.
अडीच महिने मी जमिनीवर, लॅशिंगच्या टोळीत.
उंचीचा भत्ता बंद.
खालून माझी क्रेन पहिल्यांदाच नीट पाहिली,
कावळा बसला होता तिच्यावर.

आता पाच मिलिग्रॅम.
मासळीबाजार चालूच आहे.
लेह्य मी पावाला लावून खातो,
सुधाकरनला हे सांगू नका.
अण्णांसाठी रडू आलं, गेल्या महिन्यात,
सुरमईचे तुकडे करून घेताना, भर बाजारात.
कोळ्याने पैसे घ्यायला वेळ लावला.

यंदाचा फॉर्म आला.
अकरावी ओळ आखूड आहे,
गोळीचं नाव कसंबसं मावतं.
उरलेलं मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागलो,
खजुराच्या बीपाशी पोचलो,
तर सिस्टर म्हणाली,
भाऊ, पुढचा माणूस थांबलाय.