दोन सायलेन्सर

पावतीवरची तारीख अजून वाचता येते : नोव्हेंबर एकोणऐंशी.
निम्मे पैसे माझे, निम्मे रंगादादाचे.
नाव फक्त त्याचं, कारण तो मोठा,
आणि प्रेसमध्ये मी तेव्हा कायम झालो नव्हतो.

आम्ही लाइटच्या मीटरवरून भांडलो
तेव्हा येझदी मधोमध उभी होती
आणि मधोमधच राहिली,
जेलरोडच्या पत्र्याखाली चोवीस वर्षं.
तो ओझरला गेला. मी इथेच.
चावी मी शोधली नाही, त्याने मागितली नाही.

रिटायर झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी ताडपत्री ओढली.
पाली पळाल्या. कुमुद म्हणाली,
भंगारवाला रविवारी येतो.
मी म्हटलं, येऊ दे, आपण चहा पाजू त्याला.

इंजिन जाम. प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं.
देवळाली गावातून रफिउद्दीन मिस्त्री आले,
वाकून बघितलं, पान थुंकून आले, परत बघितलं.
म्हणाले, जोर लावू नका,
रॉड वाकेल. म्हाताऱ्याचा गुडघा आहे हा,
तेल घाला आणि गप्प बसा.
मी गप्प बसलो. ते मला येतं.

रोज सकाळी चहानंतर
दांडा हाताने नुसता दाबून बघायचो.
सतराव्या दिवशी पिस्टन
नखभर सरकला.
ओरडावंसं वाटलं, पण कुणाला हाक मारणार?

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर निघालं,
लाइटबिलांच्या चिंध्यांचं.
कुणाच्या नावाची बिलं, तेवढं उंदरांनी ठेवलं नव्हतं.

टाकीचा गंज काढायला भाच्याने
गंगापूर धरणाजवळच्या वायनरीतून
आंबून गेलेल्या वाइनचा कॅन आणून दिला.
त्यात मूठभर नट टाकून
अंगणात मी टाकी हलवत बसलो,
मांडीवर घेऊन, बाळ जोजवल्यासारखी.
समोरच्या जोशीण बाईंना वास गेला,
त्यांनी माझ्याबद्दल जे समजायचं ते समजून घेतलं.

रिंगा, पॉइंट, क्लचच्या प्लेटा,
भद्रकालीत तीन चकरा,
एक रबरी बूच कुठेच मिळेना
ते शेवटी औषधाच्या बाटलीचं बसलं.

सायलेन्सर शेवटी काढले.
सिलिंडर एकच, त्याच्या पोटातून दोन नळ्या,
हे तेव्हा आम्हाला केवढं रुबाबदार वाटायचं.
बाहेरून दोन्ही सारखे.
उजव्यातून फुंकर पार गेली.
डावा काजळीने ठार बंद,
त्याच्यात कॉस्टिक सोडा भरून रात्रभर ठेवला,
सकाळी काळं पाणी
गटारापर्यंत वाहत गेलं, संपेना.
छत्तीस वर्षं नोटांमधल्या चुका शोधल्या मी,
एवढी मोठी अंगणात होती.

मग कागद. आरसीवर नाव दादाचं,
सही त्याची लागणार.
फोन लावायला मला आणखी नऊ दिवस लागले.
तो म्हणाला, टाकीला रंग कुठला दिलास?
मरून, म्हटलं.
मरून नव्हता रे. कथ्थई होता.
मरूनच होता, दादा.
बरं, म्हणाला. आणि फोन ठेवला नाही.

म्हणून मी तो सीटवर ठेवला, स्पीकर लावून,
आणि किक मारली.
काही नाही. अकरा वेळा काही नाही.
खोकत खोकत तो तिकडून म्हणाला,
आधी आत दाब, मग वर उचल, मग मार.
किक तीच, गिअरही तोच दांडा.
तुला कधीच जमलं नाही ते.

आत दाबला. वर उचलला.

कुमुद नाकाला पदर लावून बाहेर आली.
निळा धूर शेजारच्या वाळवणावर,
जोशीण बाई गॅलरीत,
पत्रा थरथरतोय.
त्या सगळ्या आवाजात दादा काहीतरी बोलत होता.
मी फोन कानाला लावला.

एक बाजू फाटतेय बघ, म्हणाला. उजवी ना?
डावी, मी म्हणालो.
बंद करू नकोस एवढ्यात, तो म्हणाला,
राहू दे जरा चालू.