तिसरा मालक

धुळ्याच्या बायपासला, शोरूमच्या काचेआड ती उभी होती.
सीटला लाल शिलाई,
कॅलिपर लाल, म्हणजे साध्याच कॅलिपरला फासलेला लाल रंग,
आणि डिकीवर एक इंग्रजी अक्षर,
त्या अक्षराचे दीड लाख जादा.

हिलाल मिस्त्रीला सोबत नेलं होतं.
पॅन्टला ग्रीस, म्हणून वर्तमानपत्र अंथरून
तो मागच्या सीटवर बसला,
परक्या घरी बसावं तसा, कडेला.

लळिंगच्या चढाला मी पाय दाबला.
आवाज आला. खर्जातला, भरदार.
सेल्सवाला पोरगा बाजूने माझ्या तोंडाकडे बघत होता,
पंगतीत वाढपी बघतो पहिल्या घासाकडे, तसा.
हिलालने डोळे मिटले, कान पुढे केला.
"भाऊ, हाऊ आवाज बोनेटमाईन नई येत.
हाऊ सीटखालना स्पीकरमाईन ई ऱ्हायना."

पोरगा हसला. "फीचर आहे काका, बंदपण होतं."
त्याने स्क्रीनवर तीन वेळा बोट टेकवलं.
आणि घाटात एवढं सामसूम झालं
की किल्ल्याच्या उतारावरच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या.

साहेब, तुम्ही जे कोणी
लांबच्या थंडगार हॉलमध्ये बसून गाड्या आखता,
आम्हाला दोनशे घोडे नकोत.
घोडे बघायला आम्ही सारंगखेड्याला जातो.
तिथे जाणता माणूस आधी ताकद विचारत नाही,
लगाम हातात घेऊन चार पावलं चालवतो,
जनावर तोंडाला किती हलकं आहे ते बघतो.
तेवढंच.
डाव्या चाकाखाली खडी आली
तर माझ्या डाव्या करंगळीला कळू द्या.
आत्ता कळतं ते
भिंतीपलीकडे कोणी भांडत असल्यासारखं.

हिलालकडे एक पंचवीस वर्षांची हॅचबॅक आहे,
तिचा रंग कोणता होता यावर आमच्यात वाद आहेत.
पण तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर बसतो
वखारीच्या दाराची कडी बसते तसा,
एकदाच, खट.
पोट नसलेल्या माणसासारखी ती वळणात शिरते.
तिला कोणी स्पोर्ट म्हटलं नाही कधी.

आणि हो, रेडिएटर जरा मोठा द्या.
भुसावळला मे महिना नावाची एक गोष्ट असते,
तुमच्या प्रयोगशाळेत ती नसावी.

परत येताना पोरगा हळूच म्हणाला,
"खरं सांगू सर? दोन वर्षं मॅन्युअल ठेवली कंपनीने.
आमच्याकडून एक गेली.
तीही रंग आवडला म्हणून."

यावर मी काय बोलणार.
पाणीपट्टीच्या खिडकीत बसतो मी, लोकांची थकबाकी मोजतो,
आणि स्वतः मागतो ते कधी विकत घेत नाही.
पहिल्यांदा ती कुणी जिनिंगवाला घेईल, पोराच्या हट्टापायी.
मग त्याचा शालक, तो बंपर फोडून, कंटाळून विकेल.
मग बारा वर्षांनी, पारोळ्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या शेडखालून,
टपावर चिमण्यांची शिट वाळलेली असताना,
मी ती आणेन. रोख मोजून.
आणि मग मरेपर्यंत विकणार नाही.

तुमच्या हिशेबात हा माणूस कुठेच येत नाही, ठाऊक आहे.
तरी त्याच्यासाठी एक बोल्ट असा ठेवा
की साध्या पान्याने सुटेल.
काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली
हात जाईल एवढी जागा ठेवा.
क्लच तरी खरा असू द्या.

हिलाल उतरला. वर्तमानपत्राची घडी करून काखेत मारली,
सीटवर डाग पडला नाही ना, बघितलं.
मग बोनेटवर पालथा हात ठेवला,
बराच वेळ, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.
"तापस तं खरी," म्हणाला.