हलका हात

एकतीस वर्षं मी नकाशे रंगवले,
विकास आराखडा विभागात, खिडकीकडे पाठ करून.
राहती वस्ती पिवळी, कारखाने जांभळे,
आणि दहिसरचा नाका ओलांडला
की मीरा रोड सुरू व्हायच्या आत
करंगळीच्या नखाएवढी जागा
हिरवी.

पेन्सिल आडवी धर, हात हलका ठेव,
टिपणीससाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं,
दाबून भरलंस तर खोडताना कागद फाटतो.
मी मान डोलावली.
खोडायचंय म्हणजे काय,
हे विचारायचं सुचायला
मला निवृत्त व्हावं लागलं.

त्या नखावर मी पहिल्यांदा पाय ठेवला
तो मागल्या माघात.
हिरवं म्हणावं इतकं हिरवं नव्हतंच काही.
पडीक मिठागराचे बांध, त्यांवर पांढरी खपली,
खाडीच्या अंगाला तिवरं, म्हशींचा एक गोठा,
रस्त्याकडेला रॅबिटचे ढीग,
आणि मध्येच एका बाईचा पडवळाचा मांडव.
प्रत्येक पडवळाच्या टोकाला दगड बांधलेला,
सरळ वाढावं म्हणून.

चांगुणा भोईर. तिनं मला खालून वर पाहिलं.
"तुमीच का ते, हिरवा लावनारे?
पोराचं लगीन झालं, एक खोली वाढवू म्हटलं
तर तुमचा हिरवा आडवा येतो.
रातचे डंपर येतात, त्यांना बरा नाय दिसत तो."
मग दोन पडवळं माझ्या पिशवीत घातली.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

माझी शलाका नऊ वर्षांत सात घरांत राहिली.
अकरा महिन्यांचा करार, मग टेम्पो.
प्रत्येक घराच्या चौकटीवर
अन्वयच्या उंचीची एक रेघ, पेन्सिलीची,
आणि तिच्यापायी मालकानं अनामतीतून कापलेले
रंगाचे पैसे.
पोरगा कुठून कुठवर वाढला
हे कुठल्याच एका दारावर लिहिलेलं नाही.

आता तिनं घर बुक केलंय. बाराव्या मजल्यावर.
माहितीपत्रकावर छापलंय, हिरवाईच्या कुशीत.
जागा मी लगेच ओळखली.
नखाची अलीकडची कड.
"समोरचं तरी राहील ना बाबा, असंच?"
मी तिच्या बोटाकडे पाहत राहिलो,
ते छापील झाडांवरून फिरत होतं
हलकं.

हरकतींची मुदत शुक्रवारपर्यंत होती.
अर्जात दोन रकाने, हरकत आणि सूचना.
हरकतीत पोरीचं घर कसं लिहू?
तो कोराच सोडला.
सूचनेत लिहिलं,
आधी पिवळ्यातली कुलपं मोजा.
विकली गेली आणि कुणी राहायलाच आलं नाही
अशा घरांचे दिवे मोजायला
रात्री आठला माणूस पाठवा, मीही येतो.
भोईरबाईंची एक खोली होऊ द्या.
डंपर अडवा.
आणि दोन गावांच्या मध्ये, साहेब,
वाऱ्याला कूस बदलता येईल एवढी तरी
फट ठेवा.
पोचपावतीवर शिक्का उलटा बसला.

संध्याकाळी अन्वय जोडाक्षरं गिरवत होता.
दोन अक्षरं चिकटवायची, म्हणाला,
मधली जागा पुसायची,
मग एकाचा पाय मोडतो.
कुणाचा मोडायचा, आजोबा?
पहिल्याचा, मी म्हटलं.
जे आधी होतं त्याचा.

आत शलाका फोनवर
पडद्याच्या कापडाचा भाव विचारत होती.
जाड नको, म्हणत होती,
पलीकडचं दिसेल असं दाखवा.