आता?

केरीच्या सुरूच्या बनात गाडी लावली तेव्हा
सगळ्यात आधी समुद्र आला खिडकीत,
मग वाळू, मग दोन कुत्री,
आणि मग ह्यांच्या डोक्यात डिश.

गाडी म्हणजे तासगावच्या एका शाळेची जुनी बस.
आत ओटा केलाय, पलंग, हातभर मोरी.
बाहेरून पांढरी; पण दार उघडलं
की बिजागरीपाशी अजून पिवळी आहे,
आणि मागच्या काचेवरचं ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’
खरवडूनही पुरतं गेलं नाही.

हे मिरज जंक्शनला सिग्नल खात्यात होते.
एकतीस वर्षं गाड्यांना थांबा म्हणाले, जा म्हणाले.
आता स्टुलावर चढून
आभाळापुढे ताट धरलंय.
“बातम्या तरी कळतील,” म्हणतात.

तिपाईला वारा सोसवेना.
एका पायाला पाण्याचा कॅन बांधला,
दुसऱ्याला दगड,
तिसऱ्याला माझा कुकर, आत भिजत घातलेल्या डाळीसकट.
केबल मागच्या खिडकीतून आत घेतली,
फटीत जुन्या परकराची चिंधी कोंबली, डासांसाठी.

मी आत. पडद्यावर दोन पट्ट्या:
एक ताकद, एक दर्जा.
ताकद काठोकाठ, दर्जा बारा.
मला उगाच हसू आलं.

“आता?”
बारा.
“आता?”
बाराच.
“आता गं?”
निळं. नुसतं निळं.

झाडं मध्ये येतात म्हणून दोनदा गाडी हलवली.
दुसऱ्यांदा मागचं चाक रुतलं,
तेव्हा रापणीची माणसं आली,
दोर ओढायची सवय असलेली;
आम्हालाही ओढून काढलं, आणि चहा न घेताच गेली.

मग सायकलवर भोंपू वाजवत मिंगेल पोदेर.
सहा उंडे मोजून दिले आणि तिथेच उभा राहिला.
“दर्याक कितें दाखयतात?” त्यानं विचारलं.
आणि वाड्याकडे बोट केलं:
“पळयात. सगळीं ताटां त्या दोंगराक तोंड करून बसल्यांत.”

खरंच की.
कौलांवर, खुरसाच्या मागच्या घरावर, भटजींच्या गच्चीत
सगळ्यांची समुद्राला पाठ,
सगळ्यांचं आग्नेयेला तोंड,
पंगत बसलीय आणि वाढपी अजून आलेला नाही, तशी.

बसच्या लोखंडानं होकायंत्र चळलं होतं.
ते हे बोलले नाहीत. ताट फिरवलं.

“आता?”
एकोणीस.
“आता?”
चौतीस. थांबा. गेला.
तसेच परत या.
“वर की खाली?”
वर. केसभर.

घरी आमचे दोन टीव्ही.
पुढच्या खोलीत ह्यांचा, मागच्या खोलीत माझा.
मधल्या भिंतीला दोन्हीकडून आवाज,
जेवणं ज्याच्या त्याच्या वेळेला.
वीज गेली की दोघं दोन खोल्यांत बसून
तिची वाट बघायचो.

बेचाळीस.
“ऐकू नाही आलं.”
बेचाळीस हो!
“छान!”
आकड्याला असेल. पण म्हणाले.

अडुसष्टला निळं फाटलं
आणि एक बाई आली, पिवळ्या साडीत,
मिरच्या चिरत.
इतकं स्वच्छ, की देठं मोजावीत.

“आता?”

मी आवाज बंद केला.
तेरेखोलच्या बाजूला ऊन उतरत होतं.
गेला, मी म्हणाले.
थोडं डावीकडे घ्या.

“आता?”
अजून थोडं.

मग खिडकीतून वाकून पाहिलं.
हे स्टुलावरून कधीच उतरलेले,
तिपाईपासून चार हात लांब, वाळूत मांडी घालून,
उंड्याचा तुकडा मोडत
काचेवर हलणारा पिवळा उजेड बघत होते.

“आता?” त्यांनी विचारलं.