अठ्ठावन्न सेंटिमीटर

काजानीत नोव्हेंबरला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तेव्हा तो आला, टोपीवरचा बर्फ दारातच झटकत,
म्हणाला, छोटा हवा, कोटाच्या खिशात मावणारा.
आणि फोकस मी करणार. त्याने नाही.

मी काउंटरवर चार मांडले. सगळे जुने,
कुणाकुणाच्या सुट्ट्या बघून परतलेले.

पहिल्यात मॅन्युअल फोकस होता,
पण मेनूच्या तिसऱ्या तळघरात,
बटणं दाबत दाबत खाली उतरायचं.
त्याने हातातला जाड मोजा वर करून दाखवला.
उणे वीसमध्ये हा काढू?

दुसऱ्याच्या पडद्यावर बोट टेकायचं, की झालं.
"पडदा मला दिसत नाही," तो म्हणाला,
कुणी आपला पत्ता सांगावा इतकं सहज.
"मधोमध डाग आहे. मी कडेकडेने बघतो."

यावर काय बोलायचं ते मला सुचेना.
ज्याला दिसतच नाही
त्याला फोकस स्वतःच्या हातात कशाला,
हे मी विचारलं नाही,
पण त्याच्या नजरेच्या कडेला
माझा चेहरा कुठेतरी लागला असावा.

"मी मोजणीदार होतो," तो म्हणाला. "केम्पाइनेन.
एकेचाळीस वर्षं या जंगलांतून हद्दी आखल्या,
दगड पुरले, प्रत्येकावर नंबर खोदला.
आता शेवाळ चढलंय. पोरांना जमीन विकायचीय,
दगड कुठे ते कुणालाच माहीत नाही.
मुलीच्या कॅमेऱ्याने काढून पाहिले.
मध्ये फांदी आली की तो फांदी धरतो.
मागे दगड आहे, हे त्याला कसं सांगायचं?
यंत्राला जे पुढे येतं तेच महत्त्वाचं वाटतं.
दगड माझ्यापासून किती लांब, ते मला माहीत असतं.
पावलं मोजतो मी. डोळ्यांचं काम नाही."

तिसऱ्याला कडं होतं, लोण्यासारखं फिरणारं,
फिरतच राहणारं.
त्याने दोनदा पूर्ण वळसा घातला
आणि परत ठेवून दिला.
"याला हद्दच नाही."

चौथा मी मांडायलाच नको होता.
बॅटरीचं झाकण चिकटपट्टीवर,
जागा व्हायला चार सेकंद, कोपऱ्यात पोचा.
पण कड्यावर आकडे कोरलेले:
अर्धा, एक, दोन, पाच, मग आडवा आठ,
आणि दोन्ही टोकांना टक् असा थांबा.
त्याने मोजा काढला.
अंगठ्याच्या नखाने एकेक आकडा चाचपला,
सावकाश, दळणाचे पैसे मोजावेत तसे.

मग काउंटरला टाच लावून
तो दाराकडे चार पावलं चालला, वळला,
कडं तीनवर आणलं
आणि कॅमेरा डोळ्याला न लावता, छातीशीच धरून
माझा फोटो काढला.

"आलाय स्पष्ट?"

मी पाहिलं. माझ्या मागच्या कपाटातली
लेन्सची झाकणं अगदी कोरीव आली होती.
मी मात्र पुढे, धुरकट.

खोटं बोलता आलं असतं.
एकशे चाळीस युरोंचा माल, वर्षभर पडून होता.
"नाही," मी म्हणाले. "मागचं आलंय."

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तीन. पुन्हा तेच.
कडं हलवून पाहिलं, मग स्वतःचे बूट पाहिले,
आणि एकदम हसला, खोकला येईपर्यंत.
"कॅमेरा बरोबर आहे. टेप दे."

मी ड्रॉवरमधली टेप दिली.
तो फरशीवर वाकला, गुडघा धरून,
टाचेशी एक रेघ, बोटांपुढे पाऊल टाकून दुसरी,
पेन्सिलीने, कपाटाच्या कडेला.
आकडा मला वाचायला लावला.

अठ्ठावन्न.
"पंचाहत्तर होतं," तो म्हणाला.
"एकेचाळीस वर्षं पंचाहत्तर. कधी आखडलं, कळलंच नाही."

मग तो ओठांतल्या ओठांत गुणाकार करत राहिला,
भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून.
मी पावती केली. चिकटपट्टी नवी लावून दिली.
जाताना फोटो काढायचा राहिलाच पुन्हा.
तो कड्याला हात न लावता गेला,
पार्किंगमधून, पुटपुटत, नवी पावलं टाकत.

त्या दोन रेघा अजून फरशीवर आहेत.
झाडताना मी त्या जरा चुकवते.
दुकान बंद करताना एकदा
दिवे मालवल्यावर मीही पाऊल ठेवून पाहिलं.
एकसष्ट.